१२० मिनिटं, ३६ मुलं

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राची स्थापित क्षमता आज ६३० मेगावॉट आहे. २१० मेगावॉटचे तीन संच, १९७९ ते १९८१ या काळात एकामागून एक सुरू झालेले. त्याआधी १९७०-७१ मध्ये आलेले १४० मेगावॉटचे दोन संच आता कायमचे बंद झालेत. वसाहतीतल्या कुठल्याही कामगाराला विचारा, स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांतला फरक तो एका वाक्यात सांगेल. संच उभा आहे म्हणून वीज झाली, असं होत नाही. कोळसा कसला आला, संच किती तास चालला, तारेत किती युनिटं गेली, याचा हिशेब लागतो.

लहान मुलांच्या शिक्षणाचा हिशेब मात्र आपण स्थापित क्षमतेपाशीच थांबवतो. किती अंगणवाड्या, किती नावं पटावर, किती जणांना आहार. महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या फेरीत ग्रामीण भारतातली तीन वर्षांची ७७.४ टक्के, चार वर्षांची ८३.३ टक्के आणि पाच वर्षांची ७१.४ टक्के मुलं अंगणवाडी, बालवाडी किंवा केजी अशा कुठल्या ना कुठल्या वर्गात दाखल होती. तीन वर्षांच्या मुलांचा हाच आकडा २०१८ मध्ये ६८.१ होता, म्हणजे सहा वर्षांत नऊ टक्क्यांहून अधिक भर पडली. ही खरोखर चांगली गोष्ट आहे.

त्याच पाहणीतला दुसरा आकडा असा. तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती आणि २०२४ मध्ये २७.१ टक्के. मधल्या २०२२ च्या पाहणीत हा आकडा २०.५ पर्यंत घसरला होता, म्हणजे तिथून तो सावरलाय. शिवाय २०२४ च्या तिसरीतल्या मुलांची बालवाडीची वर्षं टाळेबंदीने खाल्ली होती, हेही लक्षात घ्यायला हवं. त्यामुळे या दोन आकड्यांना थेट एकमेकांशी बांधणं बरोबर नाही. पण शंका येतेच, की मूल दारातून आत आलं, पुढे काय झालं?

हे पुढचं गणित कुणीही कागदावर करू शकतं. एकात्मिक बालविकास योजनेच्या निकषानुसार साधारण ४०० ते ८०० लोकवस्तीला एक अंगणवाडी असते. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५ आहे. म्हणजे ८०० वस्तीत वर्षाला १२ बाळं. अंगणवाडीत बसणारी मुलं तीन ते सहा वयाची, तीन वर्षांची मिळून ३६. काही खासगी केजीत जातात, काही गावाला गेलेली असतात. तरी आपण ३६ च धरू, कारण ती सगळी यावीत अशीच आपली इच्छा आहे. मदतनीस आहार शिजवण्यात, भांडी आणि साफसफाईत गुंतलेली. उरल्या एकट्या सेविकाताई. पूर्वशालेय शिक्षणासाठी सकाळची दोन तासांची, म्हणजे १२० मिनिटांची वेळ धरली, तर १२० भागिले ३६ बरोबर ३ मिनिटं २० सेकंद. एका मुलाच्या वाट्याला दिवसाला एवढंच येतं.

आता वर्ग चालवण्याच्या दोन रीती घ्या. पहिलीत ताई फळ्याजवळ उभ्या, मुलं सतरंजीवर ओळीत. एकेकाने पुढे यायचं, अक्षर ओळखायचं, जागेवर जायचं. या रीतीत मुलाला ३ मिनिटं २० सेकंद मिळतात आणि उरलेली ११६ मिनिटं ४० सेकंद ते वाट बघतं. हाताची घडी, तोंडावर बोट. मधे सगळ्यांनी मिळून एखादं गाणं म्हटलं तर तेवढी वेळ जिवंत होते, बाकीची तशीच.

दुसऱ्या रीतीत मुलं चार-पाच जणांच्या गटात, प्रत्येक गटासमोर हाताळायला काहीतरी. एका कोपऱ्यात माती, एकात बिया आणि वाट्या, एकात जुने कपडे, भातुकली, चित्रांची पुस्तकं. ताई फिरत राहतात. या रीतीतही त्यांची मिनिटं १२० च आहेत आणि एका मुलाला त्यांचा वेळ तेवढाच मिळतो, ३ मिनिटं २० सेकंद. फरक उरलेल्या ११६ मिनिटांत आहे. तिथे मूल बसून राहत नाही, ते काम करत असतं.

बालकेंद्री शिक्षण म्हटलं की अनेकांना ते शहरातल्या महागड्या शाळांचं, रंगीत भिंतींचं आणि वातानुकूलित खोल्यांचं खूळ वाटतं. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. जिथे एका मोठ्या माणसामागे ३६ मुलं आहेत, तिथे बालकेंद्री पद्धतीशिवाय हिशेब जुळतच नाही. सहा मुलांमागे एक शिक्षिका असेल तर एकेकाला समोर बसवून शिकवणं एक वेळ परवडेल. राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणाने २०१३ मध्ये तीन ते सहा वयासाठी वीस मुलांमागे एक मोठं माणूस असं प्रमाण सांगितलं. त्या प्रमाणातही मुलाला दोन तासांत सहाच मिनिटं मिळतात.

मुलं एकटी, आपल्या आपण, इतका वेळ काय करणार, हा प्रश्न मलाही पडायचा. एकलहऱ्यात आमच्या ओसरीवर शेजारची चार वर्षांची मुलगी येते. एका सकाळी तिच्यापुढे परातीत चिंचोके, पावटे आणि मक्याचे दाणे मिसळून ठेवले, बाजूला तीन वाट्या. मी घड्याळ बघून बसलो. आधी तिने मूठभर दाणे एका वाटीत ओतले, मग पुन्हा परातीत टाकले. मग एक चिंचोका उचलून बोटांत फिरवला, ओठांवर फिरवला, वाटीत टाकला. टण्ण आवाज झाला तशी माझ्याकडे बघून हसली. पुढचे पाच-सहा चिंचोके तिने केवळ त्या आवाजासाठी टाकले. नंतर तिच्या लक्षात आलं की एका वाटीत एकच जात जमतेय. तिथून काम सुरू झालं. पावटा आणि मका यांत ती दोनदा चुकली आणि दोन्ही वेळा स्वतःच काढून योग्य वाटीत टाकलं. मधे विचारलं, “हे दोन चिटकलेत, कुठे टाकू?” मी म्हटलं, “तुला काय वाटतं?” तिने ते सोडवले. शेवटी चिंचोके मोजायला घेतले. सातनंतर नऊ म्हणाली, थांबली, पुन्हा पहिल्यापासून मोजले. सगळं मिळून २२ मिनिटं. त्यात मी दोन वाक्यं बोललो होतो.

त्या २२ मिनिटांत वर्गीकरण झालं, एकास एक जुळवणी झाली, मोजणी झाली, अंगठा आणि तर्जनीची चिमूट शंभरेक वेळा झाली. चूक स्वतः पकडून स्वतः दुरुस्त करणंही झालं, आणि मला ते सगळ्यांत मोलाचं वाटतं. मोहरीएवढाही खर्च नव्हता.

हाताच्या चिमटीवरून एक आकडा सांगायला हवा. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती हाडं नसतात, कूर्चा असते. वर्षागणिक एकेक हाड घट्ट होत जातं. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर आठांपैकी साधारण चारच हाडं दिसतात, आणि शेवटचं दिसायला दहाव्या-बाराव्या वर्षाची वाट बघावी लागते. माझा भाचा साडेतीन वर्षांचा असताना एका शाळेतून त्याला १ ते ५० आकडे दोनदा लिहून आणायला सांगत. रात्री पेन्सिल मुठीत आवळून, ओठ चावत तो लिहायचा आणि तिशीच्या आसपास रडू लागायचा. घरात आम्ही सगळे शिकलेले, आणि आम्ही त्याला ‘चल, थोडंच राहिलंय’ म्हणत होतो. त्या हाताला तेव्हा माती, कणीक, दोरीत मणी आणि बादलीतलं पाणी हवं होतं. ते आम्ही दिलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मेंदूच्या बाबतीत एक आकडा आता भाषणांतून सर्रास ऐकू येतो. वयाच्या सहाव्या वर्षाआधी मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास होतो, असं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं. आकडा दमदार आहे, पण तो काळजीपूर्वक वाचायला हवा. सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार प्रौढ मेंदूच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पोचतो, हे खरं. पण आकार म्हणजे शिकणं नव्हे. नियोजन, संयम, विचार करून थांबणं ही कामं करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीनंतरही घडत राहतो. त्यामुळे ‘सहापर्यंत नाही झालं तर संपलं’ असं घाबरवणं चूक आहे, आणि त्या भीतीपोटी तीन वर्षांच्या मुलाला पेन्सिल देणं त्याहून मोठी चूक. या वयाचं महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. या काळात मेंदू ज्या गोष्टी वारंवार करतो त्यांचे रस्ते पक्के होतात, न वापरलेले बुजतात. मूल दिवसभर वाट बघत बसलं, तर ते वाट बघण्यातच तरबेज होणार.

भाषेचं असंच. अमेरिकेत २०१८ मध्ये चार ते सहा वयाच्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. योगायोग असा की त्यातही मुलं ३६ च होती. घरात ध्वनिमुद्रण यंत्र ठेवून, मूल किती शब्द ऐकतं आणि मोठ्यांशी त्याचं बोलणं किती वेळा आलटून-पालटून होतं, या दोन गोष्टी मोजल्या. मग गोष्ट ऐकताना त्याच्या मेंदूतली हालचाल पाहिली. मेंदूच्या भाषेच्या भागातल्या हालचालीशी नातं जुळलं ते आलटून-पालटून झालेल्या बोलण्याचं. कानावर पडलेल्या शब्दांच्या नुसत्या संख्येशी ते जुळलं नाही. मुलाने बोलावं, मोठ्याने उत्तर द्यावं, मुलाने पुन्हा बोलावं, असा तो चेंडू परतत राहायला हवा.

ही गोष्ट एकलहऱ्यात मला फार जवळची वाटते. वीज केंद्र तीन पाळ्यांत चालतं. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपतो आणि दोन खोल्यांच्या घरात मुलाला सकाळपासून एकच गोष्ट ऐकायला मिळते, “आवाज करू नको, पप्पा झोपलेत.” यात कुणाचा दोष नाही. घरोघरची आई हे नाइलाजाने म्हणते. बदल्यांमुळे आणि कंत्राटी कामामुळे घरं बाहेरगावहून आलेली. कुठे खानदेशातली अहिराणी, कुठे वऱ्हाडी, कुठे हिंदी. आजी-आजोबा गावी. अशा मुलासाठी अंगणवाडीची ती १२० मिनिटं म्हणजे दिवसातली मोठ्याने बोलायची हक्काची वेळ. तिथेही तोंडावर बोट असेल तर त्या मुलाने बोलावं कुठे?

पद्धतीने खरंच फरक पडतो का, याची पाहणी झालेली आहे आणि तिचे आकडे सरळ एका बाजूचे नाहीत. अमेरिकेत मिशिगनमधल्या इप्सिलँटी गावात १९६२ ते १९६७ या काळात गरीब घरातल्या १२३ मुलांचा पेरी प्रयोग झाला. ५८ जणांना चांगली बालशाळा मिळाली, ६५ जणांना नाही. बालशाळा रोज अडीच तासांची, मुलांनी स्वतः ठरवून काम करण्याची, आणि शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी जायची. ती मुलं चाळिशीला पोचली तेव्हा बालशाळेत गेलेल्यांपैकी ७७ टक्के जणांचं माध्यमिक शिक्षण पूर्ण झालेलं होतं, न गेलेल्यांत ६०. पाच किंवा अधिक वेळा अटक झालेले अनुक्रमे ३६ आणि ५५ टक्के. या प्रयोगाचा दाखला जगभर देतात, पण मुलं १२३ च होती आणि ती शाळा अगदी निवडक होती, हे विसरू नये.

कारण दुसऱ्या टोकाला अमेरिकेतलंच टेनेसी आहे. त्या राज्याच्या सरकारी पूर्वप्राथमिक वर्गांत गेलेल्या आणि न गेलेल्या २,९९० मुलांचा मागोवा सहावीपर्यंत घेतला. २०२२ मध्ये निकाल आला. वर्गात गेलेली मुलं सहावीच्या चाचण्यांत न गेलेल्यांपेक्षा मागे होती, आणि शिस्तीच्या तक्रारीही त्यांच्याच जास्त. नुसतं दाखल होणं काहीच हमी देत नाही, याचा इतका ठसठशीत पुरावा दुसरा मला माहीत नाही.

आपल्याकडचं चित्र आसाम, राजस्थान आणि तेलंगणातल्या सुमारे १४,००० मुलांच्या अभ्यासात दिसलं. चौथ्या वर्षापासून आठव्यापर्यंत त्यांचा मागोवा घेतला होता. अंगणवाडीत आहार होता पण शिकणं त्रोटक, खासगी केजीत लिहिणं-घोकणं भरपूर. पाचव्या वर्षी शाळेसाठीची तयारी दोन्हीकडच्या मुलांची वयाच्या मानाने बरीच मागे.

मला सर्वांत आशेचा वाटतो तो तमिळनाडूतला प्रयोग. ६४० अंगणवाड्या घेतल्या, चिठ्ठी टाकावी तशा त्यातल्या ३२० निवडल्या आणि तिथे अर्धवेळ एक जास्तीची कार्यकर्ती दिली. तिचं काम एकच, मुलांचं पूर्वशालेय शिक्षण. शिक्षणाला मिळणारा वेळ दुप्पट झाला. दीड वर्षाने मुलांची गणितातली प्रगती ०.२९ आणि भाषेतली ०.४६ प्रमाण विचलनाने जास्त दिसली. हा शब्द जड आहे, त्याचा अर्थ असा सांगता येईल. शंभर मुलं कमी गुणांपासून जास्त गुणांपर्यंत रांगेत उभी केली, तर मधोमध, ५० व्या जागी असलेलं मूल गणितात ६१ व्या आणि भाषेत ६८ व्या जागेपर्यंत सरकलं. आणि कुपोषणही घटलं. खुंटलेली वाढ आणि तीव्र कुपोषण या दोन्हींचं प्रमाण त्या अंगणवाड्यांत कमी झालं, कारण जुन्या सेविकेचे हात त्या कामासाठी मोकळे झाले. महाराष्ट्रासाठी हे दुहेरी मोलाचं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या पाच वर्षांखालच्या ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली होती.

सेविकेचे हात किती अडकलेले असतात ते बघा. बालविकास योजनेच्या सेवा सहा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण-आरोग्य शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण. नोंदवह्या ११ होत्या. मग मार्च २०२१ पासून मोबाइलवरचं पोषण ट्रॅकर आलं. आहार वाटला नाही तर दुपारपर्यंत फोन येतो, वजन भरलं नाही तर पर्यवेक्षिका विचारतात. आज मुलं मातीत खेळली का, हे कुणी विचारत नाही. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात राज्याने सेविकांचं मानधन ८,३२५ वरून १०,००० आणि मदतनिसांचं ४,४२५ वरून ५,५०० रुपये केलं. त्यानंतरही त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून त्यांना दीर्घ संप करावा लागला. ज्या बाईकडून आपण एका वस्तीतल्या सगळ्या मुलांची पहिली शाळा चालवून घेतो, तिला अजूनही पगार मिळत नाही, मिळतं ते मानधन.

खरं तर ही सगळी वाट महाराष्ट्रात फार पूर्वी चालून झालेली आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात, आताच्या पालघरमध्ये, बोर्डीला गेल्या तेव्हा ५३ वर्षांच्या होत्या. त्यांच्यासोबत अनुताई वाघ, वय ३५. गिजुभाई बधेकांबरोबर केलेलं माँटेसरी पद्धतीचं काम ताराबाईंच्या पाठीशी होतं. पण रोममध्ये १९०७ साली सुरू झालेल्या त्या पद्धतीची साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. मग शिंपले, बिया, पानं, काड्या, माती हीच साधनं झाली. गरिबांची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली आणि तिथून ‘अंगणवाडी’ हा शब्द आला. गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, ती कुरणशाळा. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राने ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, त्यात आपल्या मेळघाटातलं धारणी होतं, आणि कोसबाडकरांचा शब्द देशभर गेला. शब्दाबरोबर त्या शिंपल्या आणि बियाही जायला हव्या होत्या.

एकलहऱ्यात काय करता येईल, त्याचाही हिशेब सोपा आहे. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावे लागतात. त्यातून प्रत्येक अंगणवाडीला अर्धवेळ एक ताई देता येईल का, हे ग्रामसभेत मांडावं. ३६ मुलांत ती आली की ३ मिनिटं २० सेकंदांची ६ मिनिटं ४० सेकंद होतात. ती येईपर्यंतही आठवड्यातून दोन सकाळी इथे राहणारे आजोबा-आजी गोष्ट सांगायला, बिया निवडायला बसू शकतात.

आणि मोजायचं असेल तर पटावरची नावं मोजण्याऐवजी मिनिटं मोजावीत. एका सकाळी पाच मुलं ठरवायची, प्रत्येकाकडे दहा मिनिटं बघायचं. दर मिनिटाला एक खूण, रकाने तीन: करतंय, बोलतंय, वाट बघतंय. पन्नास मिनिटांत पन्नास खुणा. नियंत्रण कक्षात तासातासाला रीडिंग घेऊन लॉगशीट भरलेली निवृत्त माणसं या वसाहतीभोवती पुष्कळ राहतात. त्यांना हा तक्ता समजावून सांगायला दोन मिनिटंही लागायची नाहीत.